ओटा कुणाच्या मापाचा?

(एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या महिला मंडळात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. प्रसंगांतील व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मला इथे बोलावलं होतं ते कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलायला. टिपणं काढून, कलमांचे आकडे लिहून मी आले होते. पण कार्यक्रमाआधी चहा घेताना तुमच्या गप्पा कानावर पडल्या. तुमची सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, पाइप गळायला लागले, त्यामुळे एक एक घर उकरायला निघालं आहे. म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: स्वयंपाकघराचा ओटा. कडाप्पा काढून ग्रॅनाइट बसवायचा, तर काळा की लाल? चौरस फुटाला काय भाव? कुणाचा मिस्त्री चांगला? कुणी म्हणालं, 'हे म्हणतात काळाच घ्या.' कुणी म्हणालं, 'आमच्याकडे सासूबाई ठरवतील.' मग मी टिपणं पिशवीत ठेवली. म्हटलं, आज ओट्यावरच बोलू या. कायदा मधे येणारच आहे, तो काही सुटत नाही.

ग्रॅनाइट निवडणं म्हणजे चैनीचा विषय, चळवळीच्या व्यासपीठावर त्याचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण बघा, घरातल्या बाईच्या जागेपणीचे सगळ्यात जास्त तास ज्या जागेपाशी उभ्याने जातात, ती जागा म्हणजे ओटा. कारखान्यातल्या कामगाराचं यंत्र किती उंचीवर असावं यावर तज्ज्ञ बसतात, अहवाल लिहितात, युनियन भांडते. आपल्या यंत्राची उंची कोण ठरवतं? मिस्त्री. तो कशावरून ठरवतो? 'सगळीकडे एवढीच असते बाई,' यावरून.

माझ्या आईची गोष्ट सांगते. माझी आई चार फूट नऊ इंच. आमचं घर बांधलं तेव्हा वडील बांधकामावर लक्ष ठेवून होते. मिस्त्रीने विचारलं, 'साहेब, ओटा केवढा घेऊ?' वडील साडेपाच फुटांच्या वर. त्यांनी हात टेकवून पाहिला आणि म्हणाले, 'इथपर्यंत घे.' तो ओटा झाला छत्तीस इंच. आई त्या वेळी माहेरी होती, माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणाला. परत आली तर कडाप्पा बसून सिमेंट वाळलेलं. पोळी लाटायला लागली की तिचे खांदे कानापर्यंत यायचे. आठ दिवसांनी तिने देवघराजवळचा बसायचा पाट आणला, ओट्याखाली ठेवला आणि त्यावर उभी राहिली. बावीस वर्षं ती त्या पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती. दोनदा पाटावरून घसरून पडली. एकदा मनगट मोडलं, तेव्हा घरात सगळे म्हणाले, 'तू ना, धांदरटच आहेस.' मीही म्हणाले. ओटा उंच आहे असं बावीस वर्षांत आमच्यापैकी कुणीही म्हटलं नाही. आईनेही नाही. आपणच बुटक्या आहोत, असं तिचं मत होतं.

पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना 'रचनात्मक अन्याय' हा शब्द शिकले. परीक्षेत त्यावर पाच पानं लिहिली. पण तो शब्द मला खरा कळला तो आईचा पाट आठवला तेव्हा. माणसाच्या मापाची वस्तू करायची नाही आणि मग वस्तूच्या मापात बसत नाही म्हणून माणसालाच दोष द्यायचा! बाईच्या बाबतीत हे किती ठिकाणी घडतं, ते तुम्ही मोजून पाहा.

तसं पाहिलं तर उभ्याचा ओटा आपल्याकडे फार जुना नाही. आपल्या पणज्या-आज्या जमिनीवर बसून, चुलीपुढे धूर खात स्वयंपाक करत होत्या. पाटा-वरवंटा, जातं, उखळ, सगळं खाली. शहरांत गॅस आला, खोल्या लहान झाल्या आणि चूल वर उचलली गेली. उभ्याने रांधणं कित्येक घरांत आधी अशुभ, मग फॅशनेबल आणि शेवटी नेहमीचं ठरलं. धूर गेला, गुडघ्यांवरचं ऊठबस गेलं, हे मोठंच काम झालं, ते नाकारायचं नाही. पण एक गंमत लक्षात घ्या. चूल वर गेली, बाई उभी राहिली. चुलीपुढची व्यक्ती मात्र बदलली नाही.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधत होते. त्यांच्या स्वयंपाकघराची आखणी मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईकडे आली. तिने काय केलं? बाई स्वयंपाक करताना किती पावलं चालते, कुठे वाकते, कशाला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजलं. त्यावरून जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. त्यात सलग ओटा होता, हाताशी डबे होते, खिडकीपाशी बसून भाजी चिरायला फिरतं स्टूल होतं. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ज्याला आधुनिक किचन म्हणतो, त्याची ही आजी. ही बाई पुढे हिटलरच्या राजवटीविरुद्धच्या प्रतिकारात सामील झाली, 1941 साली पकडली गेली, चार वर्षं तुरुंगात काढली आणि 2000 साली, एकशे तिसऱ्या वाढदिवसाच्या तोंडावर वारली.

बाईचे कष्ट वाचावेत, तिला बाहेरच्या जगासाठी वेळ मिळावा, हा तिचा हेतू. पण पुढे 1970 नंतर तिकडच्याच स्त्रीवाद्यांनी दाखवून दिलं की, ते स्वयंपाकघर एकाच माणसाला पुरेल एवढं आखलेलं होतं. दुसरं कुणी मदतीला आलं तर धक्का लागावा असं. आणि ते एक माणूस कोण, हे सांगायला नकोच. म्हणजे माप घेतलं, ते उत्तम घेतलं, पण काम कुणाचं हा प्रश्न तसाच राहिला. मला वाटतं, ओट्याबद्दल बोलताना हे दोन्ही प्रश्न बरोबरच विचारायला हवेत. माप कुणाचं आणि काम कुणाचं?

आधी माप. हे आज घरी गेल्यावर करा, पैसे लागत नाहीत. घरात ज्या चपला घालता त्या घालून ताठ उभं राहायचं. हात कोपरात काटकोनात वाकवायचा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगायचं. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. चिरण्या-निवडण्याच्या कामासाठी तुमचा ओटा साधारण त्या उंचीचा हवा. पाच फूट उंचीच्या बाईला ते बत्तीस ते चौतीस इंच येतं. माझ्या आईला तीस-एकतीस पुरले असते. कणीक तिंबताना, भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, तिथे आणखी दोन-तीन इंच खाली बरं पडतं. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, त्यावर मोठं पातेलं ठेवलं की आत डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. म्हणून शेगडीखालचा भाग थोडा खाली घेता येतो. सिंकचं उलटं असतं. त्याचा तळ खोल असल्याने भांडी घासताना कंबर वाकते, म्हणून ते थोडं वर हवं. मिस्त्री म्हणेल, 'ताई, लेव्हल बिघडते, दिसायला बरं नाही.' त्याला सांगा, दिसायला नाही, करायला पाहिजे.

आता दगड. सगळ्या जणी विचारत होतात म्हणून सांगते, मीही गेल्या वर्षी या चक्रातून गेले आहे. आपण दुकानात ज्याला ग्रॅनाइट म्हणतो, ते सगळं भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातलं ग्रॅनाइट नसतं. बरेचसे काळे दगड दुसऱ्या जातीचे, पण तेही पृथ्वीच्या पोटात शिलारस थिजून झालेले, कठीण. कडाप्पा हा आंध्रातल्या कडप्याकडचा आणि शहाबादी फरशी कर्नाटकातली. हे दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणून लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यांच्यावर डाग उठतो, पॉलिश जातं. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला आंबट लागत नाही, गरम भांडं ठेवलं तरी सहसा काही होत नाही, सुरी ओढली तर सुरीच बोथट होते. पण तेल-हळद फिकट रंगाच्या दगडात मुरू शकते. नमुन्याच्या तुकड्यावर तेलाचे दोन थेंब टाकून अर्धा तास ठेवा. पुसल्यावर काळपट डाग राहिला तर तो दगड पितो, त्याला सीलर लावून घ्यावा लागेल. काळा दगड रंगवून विकतात, असंही असतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस भिजवून घासून पाहा, कापूस काळा झाला तर दुसरं दुकान बघा. बोअरिंगचं पाणी असेल तर गुळगुळीत काळ्यावर पांढरे ठिपके रोज दिसतील, आणि ते रोज पुसायचे कुणी, याचाही विचार रंग निवडताना करा. कडेला गोल घडाई करून घ्या, टोकदार कड कमरेला लागते. खालच्या अंगाला बारीक खाच मारायला सांगा, म्हणजे सांडलेलं पाणी ट्रॉलीत न जाता खाली ठिबकतं. जोड सिंकजवळ येऊ देऊ नका. झालं! ही सगळी माहिती मला दुकानदाराने दिली नाही. त्याने माझ्याशी बोलणंच केलं नाही. मी प्रश्न विचारायचे आणि तो उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. शेवटी नवरा म्हणाला, 'अहो, मला काय सांगताय, त्या विचारतायत.'

आता दुसरा प्रश्न, काम कुणाचं. आपल्या सरकारनेच 2019 साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष ही कामं करत होते, ते 97 मिनिटं. 2024 साली पुन्हा मोजलं, तर बायकांची 289 आणि पुरुषांची 88. म्हणजे आपली दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावी तर त्यांचीही नऊ कमी झाली! दहा मिनिटं बहुधा मिक्सरने वाचवली असतील. ग्रॅनाइटने पुसायला सोपं होतं, हे खरं. पण पुसणारा हात बदलत नाही. उलट मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, ओटा चकचकीत झाला की तो सतत चकचकीतच दिसला पाहिजे, हे नवं काम बाईच्या मागे लागतं.

आणि या कामाची किंमत? 2001 च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांच्या यादीत भिकारी आणि कैद्यांच्या शेजारी बसवलं होतं. 2010 साली एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. 2023 साली मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की, बायकोने घर सांभाळलं म्हणून नवरा कमवू शकला, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. निकाल चांगला आहे, पण त्याने देशभराचा कायदा झाला असं नाही. विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची, असा सर्वसाधारण नियम आपल्या राज्यात नाही. शेजारी गोव्यात आहे. तिथल्या जुन्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. तिथेही कागद आणि व्यवहार यांत अंतर आहेच, पण निदान कागद तरी आहे.

आता मी ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे तिच्यामुळेच खरं तर मला आज टिपणं बाजूला ठेवाविशी वाटली.

मी आमच्या समुपदेशन केंद्रात नवी होते. 2020 च्या आधीची गोष्ट. एक बाई लहान मुलीला घेऊन सकाळीच दारात उभी. अंगावर घरातली साडी, पायांत एकाच पायाची चप्पल. रात्री नवऱ्याने आणि सासूने घराबाहेर काढलं होतं. दंडावर वळ होते. मी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, 'काय झालं?' ती मारहाणीबद्दल काही बोललीच नाही. म्हणाली, 'ताई, ओटा माझ्या पैशांचा आहे हो.'

ही बाई एका लहान कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. पाच वर्षं भिशी लावून आणि माहेरच्या दोन बांगड्या मोडून तिने स्वयंपाकघर करून घेतलं होतं. ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, स्टीलचं सिंक. दगड तिने स्वतः पसंत केला होता, लालसर, त्यात काळे ठिपके. त्या दगडाचं वर्णन तिने माझ्यासमोर रडत रडत केलं. ओटा झाल्यावर शेजारणींना बोलावून हळदीकुंकू केलं होतं. आणि आठ महिन्यांनी ती रस्त्यावर होती.

मी तेव्हा शिकलेली पण कच्ची होते. मला वाटलं, बाईला मारून बाहेर काढलंय आणि ही दगडाचं काय घेऊन बसली आहे! मी फॉर्मवर वळ लिहिले, तारीख लिहिली, ओटा लिहिला नाही. फॉर्ममध्ये त्याला रकानाही नव्हता. स्त्रीधनाच्या यादीत दागिने येतात, भांडी येतात, कपाट, शिलाई मशीन येतं. ते परत मागता येतं. भिंतीत सिमेंटने बसवलेला दगड परत कसा मागायचा? आणि मागायचा तर पुरावा काय? बिलं नवऱ्याच्या नावावर होती, कारण मिस्त्रीबरोबर दुकानात तो गेला होता. पैसे तिने त्याच्या हातात रोख दिले होते. बायको नवऱ्याकडून पावती घेते का? घर सासूच्या नावावर.

2005 चा कायदा सांगतो की, बाई ज्या घरात नांदली त्या सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. आम्ही न्यायालयाकडे निवासाचा आदेश मागितला. समोरच्या वकिलांनी सांगितलं, घर नवऱ्याचं नाहीच, सासूचं आहे, म्हणून ते सामाईक घर होत नाही. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल त्यांच्या बाजूने होता. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी ती तिथे कुटुंब म्हणून राहत असेल तर ते सामाईक घर ठरू शकतं, असं सांगितलं. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या बाजूचाही विचार न्यायालय करतं, हेही लक्षात ठेवा. आमच्या बाईला हा निकाल उशिरा पडला. तारखांना कंटाळून तिने आधीच तडजोड केली होती. पोटगी ठरली, काही भांडी आणि मुलीचे कपडे मिळाले. ओट्याचं कुणी नावही काढलं नाही.

दीडेक वर्षाने तिच्या भाड्याच्या खोलीवर गेले होते. एका कोपऱ्यात विटांच्या दोन थरांवर कडाप्पाचा तुकडा टाकून ओटा केला होता. ती म्हणाली, 'मालकाने खाली केला होता, मी मिस्त्रीला सांगून दोन विटा वाढवल्या. आता कंबर दुखत नाही.' मग फळीवरून प्लॅस्टिकची पिशवी काढून तिने मला एक कागद दाखवला. त्या दोन विटांच्या मजुरीची पावती होती. तिच्या नावावर.

तेव्हापासून आमच्या केंद्रात यादी करताना मी विचारते, 'घराच्या दुरुस्तीत तुझे किती गेले?' फार थोड्या बायकांना आकडा सांगता येतो. पण एकीनेही अजून 'काहीच नाही' असं म्हटलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, दगड पसंत करायला जाल तेव्हा तुमच्या पैशांचा व्यवहार रोखीने नको, तुमच्या खात्यातून होऊ द्या. बिल तुमच्या किंवा दोघांच्या नावावर मागा. पावत्या एका पाकिटात, तुमच्या हाताशी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, घर कुणाच्या नावावर आहे ते आज विचारा. सोसायटीच्या भागपत्रावर तुमचं नाव आहे का? 'नॉमिनी म्हणून लावलंय ना' यावर समाधान मानू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नव्याने घर घेणार असाल तर बाईच्या नावावर घेतल्यास आपल्या राज्यात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत ठेवली आहे, ती माहिती करून घ्या. कुणी म्हणेल, असा हिशेब केला तर प्रेम कुठे राहिलं? ज्या घरात पावतीवर बायकोचं नाव आल्याने प्रेम कमी होतं, त्या घरात ते आधी किती होतं, हे एकदा बघायला हवं.

आता माझी स्वतःची चूक सांगते, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. आमच्या घरी ओटा करताना मी फार सावध होते. स्वतःचं माप घेतलं. नवऱ्याचंही घेतलं, कारण रात्रीचा स्वयंपाक तो करतो. त्याची उंची माझ्यापेक्षा सात इंच जास्त, म्हणून दोन उंचींचा ओटा केला. बिलावर दोघांची नावं. मला वाटलं, मी समानतेची परीक्षा पास झाले. ओटा झाल्यावर आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी सिंकपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'ताई, सगळ्यांचं माप घेतलंत. भांडी तर मीच घासते.' सिंक मी माझ्या उंचीने ठरवलं होतं. मावशी माझ्याहून बऱ्याच ठेंगण्या, आणि त्या सिंकपाशी रोज एक तास उभ्या राहणार. माझ्या आईला जे झालं तेच मी त्यांना केलं होतं. फरक एवढाच की, माझ्या आईने बावीस वर्षं तोंड उघडलं नाही, मावशींनी पहिल्याच दिवशी उघडलं. सिंक आम्ही फोडून खाली घेतलं. खर्च झाला, नवरा थोडा कुरकुरला, मीही मनातून थोडी कुरकुरले, खोटं कशाला बोलू?

आणि दगड कापणारे? आमचा ओटा साधारण नऊ फूट लांब, दोन फूट रुंद. वीस मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तो नव्वद किलोचा झाला. सोसायटीने लिफ्ट खराब होईल म्हणून नकार दिला, चार माणसांनी तो तीन मजले जिन्याने चढवला. सिंकचं भोक कापायला एक विशीतला मुलगा गच्चीवर बसला. तोंडाला रुमाल, पांढऱ्या धुळीचा ढग, भुवया पांढऱ्या. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त गारगोटी असते, काळ्या दगडांत कमी. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि त्याने क्षयही लवकर जडतो. 'क्वार्ट्झ' म्हणून जो कृत्रिम दगड आता विकतात, त्यात तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरही जाऊ शकतं. त्याच्या धुळीने तरुण कामगार आजारी पडले म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे वडार, पाथरवट समाजाच्या बायका-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला. आपल्या आजीच्या पाट्याला टाकी लावली ती त्यांनीच. त्यांच्या छातीची विचारपूस कुणी केली?

आपल्या हातात निदान एवढं आहे. दगड पाणी सोडून कापायला सांगायचा, म्हणजे धूळ उडत नाही. पाण्याचा पाइप आपल्या नळाचा द्यायचा. सोसायटीने दगडासाठी लिफ्ट द्यावी, लागेल तर आत पत्रा लावून, हा ठराव तुमच्या मंडळाने मांडावा. आणि कामावर आलेल्या माणसांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीबद्दल विचारावं, माहिती नसेल तर द्यावी. आमच्या गच्चीवरच्या त्या मुलाला मी पाण्याचा पाइप दिला, तर तो म्हणाला, 'पहिल्यांदा कुणीतरी दिला.' तो पाइपही मी काम अर्धं झाल्यावर दिला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, रंग कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण मिस्त्रीला बोलावण्याआधी घरात सगळ्यांना एकत्र बसवा, मुलग्यांनाही, आणि काही प्रश्न विचारा. या ओट्यापाशी कोण कोण उभं राहणार आहे? नसेल राहणार, तर का नाही? पैसे कुणाकुणाचे जाणार आहेत, आणि ते कुठे लिहिलं आहे? हे घर कुणाच्या नावावर आहे? भांडी घासणाऱ्या बाईचं माप कुणी घेतलं? या प्रश्नांवर भांडण झालं तर होऊ द्या. सिमेंट ओलं असतानाचं भांडण स्वस्त पडतं.

माझ्या आईचा ओटा शेवटी आम्ही कमी केला, ती एकसष्ट वर्षांची असताना. पहिल्या दिवशी ती पाट शोधत होती. मग जमिनीवर पाय टेकून उभी राहिली, पोळी लाटली आणि म्हणाली, 'अगं, हे एवढं सोपं होतं होय?' मला त्यावर काही बोलता आलं नाही. बावीस वर्षं तिच्या पायाखाली पाट दिसत होता, आणि मी त्याच ओट्यावर बसून अभ्यास करत होते.

आता प्रश्न विचारा. टेप मी पिशवीतून आणली आहे, माप घ्यायचं असेल तर इथेच घेऊ.